पावडर निळी पडली होती

(मार्च १९९८ च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरवाली आहेस, एआयवर बोल. आमच्या पोरांनी पुढे काय शिकावं ते सांग." मी हो म्हटलं आणि नंतर गुपचूप विषय बदलला. त्याबद्दल आधीच माफी मागते. मी आज एका दगडाबद्दल, डिझेलबद्दल आणि डिझेलमधल्या गंधकाबद्दल बोलणार आहे. मधे माझी एक जुनी चूक येईल. ती सांगायला आज इतकी योग्य माणसं समोर बसली आहेत की पुन्हा अशी संधी मिळेल असं वाटत नाही.

आठवीतला विज्ञानाचा तास आठवतोय का? गावात कुठे विहीर खणायला घेतली की काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून पांढरे, गुलाबी स्फटिकांचे झुपके निघायचे. सुरुंग उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळे त्या ढिगाऱ्यावर. आपण त्यांना सरसकट गारगोट्या म्हणायचो. माझ्याकडे त्यांचा बिस्किटाचा एक डबाभर साठा होता. बाईंनी त्यातला एक खडा घेतला, कोरड्या परीक्षानळीत टाकला आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरला. थोड्या वेळाने नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमले. दगडातून पाणी! पुढच्या बाकांवर एकच गलका झाला.

मी मागे बसायचे. मला पुढच्यांची डोकी दिसली, थेंब दिसले नाहीत. पण जर्नलमध्ये मी सगळ्यांसारखंच लिहिलं, "नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमा झाले." बाईंनी वही तपासताना विचारलं, "तुला दिसले?" मी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "दिसलं ते लिही. दिसलं नाही तर दिसलं नाही असं लिही. तेही निरीक्षणच असतं." आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला एकटीला तो प्रयोग पुन्हा करून दाखवला. बाई, तुम्हाला हे आठवत नसेल. मला आठवतं, आणि ते का आठवतं ते पुढे येईल.

तो खडा बहुधा स्टिल्बाइटचा होता. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट अशी ही खनिजं 'झिओलाइट' नावाच्या एका मोठ्या कुळातली. हे नाव १७५६ मध्ये आक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने दिलं. त्यानेही बाईंसारखंच केलं होतं. खनिज ज्योतीत तापवलं, तर ते उकळल्यासारखं दिसलं आणि त्यातून वाफ निघाली. ग्रीक भाषेत 'झिओ' म्हणजे उकळणं आणि 'लिथॉस' म्हणजे दगड. उकळणारा दगड. आपल्या दख्खनच्या पाषाणात ही खनिजं इतकी सुंदर सापडतात की जगभरच्या संग्रहालयांत नाशिक, पुणे, जळगाव ही नावं त्यांच्या चिठ्ठ्यांवर असतात. बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हाही ती निघाली होती. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल.

आता दगड जरा बाजूला ठेवू आणि एसटी डेपोत जाऊ. आपल्या वर्गात एसटी कॉलनीतली आम्ही सात-आठ मुलं होतो. माझे बाबा डेपोत मेकॅनिक होते. संध्याकाळी ते घरी आले की आधी डिझेलचा वास यायचा, मग बाबा. ते म्हणायचे, "या डिझेलमध्ये गंधक फार. इंजिन आतून खातं, ऑइल लवकर बदलावं लागतं." मला ते तेव्हा कळत नव्हतं. पुढे केमिकल इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की बाबा अगदी बरोबर बोलत होते. गंधक जळलं की सल्फर डायऑक्साइड होतो. त्याचा काही भाग पुढे ट्रायऑक्साइड होतो आणि पाण्याच्या वाफेबरोबर त्याचं सल्फ्युरिक आम्ल बनतं. ते लायनर आणि रिंगा खातं, आणि ऑइलमध्ये आम्ल मारण्यासाठी जे घटक घातलेले असतात तेही संपवतं. बाहेर पडणारा वायू छातीत जातो आणि पावसातही उतरतो. मथुरेची रिफायनरी, ताजमहाल आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल हे आपण शाळेत असतानाच पेपरात येत होतं.

किती गंधक असायचं? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत चालायचं. म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग. मग नियम कडक होत गेले. भारत स्टेज दोनला ५००, तीनला ३५०, चारला ५०. पाचवी पायरी आपण गाळली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर एकदम सहावी आली. तिथे मर्यादा आहे फक्त १० भाग.

दहा लाखांत दहा म्हणजे किती, हे घरातल्या भाषेत सांगते. चाळीस किलो गव्हात साधारण दहा लाख दाणे असतात. अख्खं पोतं निवडून झाल्यावर त्यात दहा खडे राहिले तर चालतील, अकरावा नको. आणि खडे काळे नाहीत बरं का. ते गव्हासारखेच दिसतात.

खरी अडचण हीच. डिझेलमध्ये गंधक पिवळ्या पुडीसारखं मोकळं नसतं. ते तेलाच्याच रेणूंत गुंफलेलं असतं. त्यातले काही रेणू साधे असतात, ते लवकर सुटतात. पण थायोफीन नावाच्या कुळातल्या रेणूंत गंधक एका कड्यात बसलेलं असतं. त्या कड्याला दोन्ही बाजूंनी बेंझीनची कडी जोडली की होतं डायबेंझोथायोफीन. आणि गंधकाच्या अगदी शेजारी दोन्हीकडे मिथाइलचा एकेक गट उभा राहिला की तो रेणू महाबिलंदर होतो. दाराशी दोन धष्टपुष्ट माणसं उभी असावीत तसं. आत गंधक आहे हे माहीत असतं, पण तिथे पोचता येत नाही.

रिफायनऱ्या हे काम हायड्रोजनने करतात. तीनशे ते चारशे अंश तापमान, वातावरणाच्या कित्येक पट दाब, आणि कोबाल्ट-मॉलिब्डेनमचं उत्प्रेरक. हायड्रोजन गंधकाला ओढून काढतो, त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो, आणि त्यापासून पुढे पिवळं गंधक परत मिळतं. पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. पण पाचशेवरून पन्नासवर आणि पन्नासवरून दहावर यायचं तर उरलेले रेणू नेमके ते बिलंदर असतात. त्यांच्यासाठी जास्त दाब, जास्त हायड्रोजन, मोठ्या भट्ट्या लागतात. खर्च तिथे वाढतो.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा जुलै २००३ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात एक शोधनिबंध आला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले राल्फ यांग आणि त्यांचे सहकारी. त्यांनी म्हटलं होतं की भट्टी नको, दाब नको, हायड्रोजन नको. साध्या खोलीच्या तापमानाला डिझेल एका पावडरीतून जाऊ द्या, गंधकाचे रेणू पावडरीत अडकतील. बाजारातल्या डिझेलमधलं गंधक ४३० भागांवरून ०.२ भागाच्याही खाली आलं होतं. ती पावडर होती झिओलाइटची. माझ्या बिस्किटाच्या डब्यातल्या दगडाचा कारखान्यात बनवलेला चुलतभाऊ. मी तो निबंध कॉलेजच्या वाचनालयात उभ्यानेच वाचला.

हे कसं चालतं ते थोडक्यात सांगते. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची जाळी. आत खोल्या आणि खोल्यांना खिडक्या, सगळ्या एकाच मापाच्या. यांग यांनी वापरलेल्या 'वाय' प्रकारच्या झिओलाइटमध्ये खोली साधारण १.३ नॅनोमीटरची आणि खिडकी ०.७४ नॅनोमीटरची असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या गावच्या दगडात या खोल्यांत पाणी भरलेलं होतं, तेच बाईंनी दिव्यावर बाहेर काढलं. पाणी गेलं की खोल्या रिकाम्या होतात आणि मग त्या दुसरं काहीतरी ओढून घ्यायला तयार असतात. एक ग्रॅम पावडरीत आतली जागा इतकी असते की उलगडून पसरली तर आपल्या शाळेची तीन-चार व्हॉलिबॉलची मैदानं भरतील.

जाळीत जिथे सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम बसतं तिथे एक ऋण भार उरतो. तो मिटवायला सोडियमचा आयन येऊन बसलेला असतो. हा सोडियम भाडेकरू आहे, त्याला हलवता येतं. झिओलाइट तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात ढवळलं की सोडियम बाहेर पडतो आणि त्याच्या जागी तांबं बसतं. मग हवा न लागू देता सुमारे साडेचारशे अंशांवर तापवलं की ते तांबं दोन भारांचं असतं ते एका भाराचं होतं. आपल्याला हवं ते हे.

गंधक असलेल्या कड्याच्या वर आणि खाली इलेक्ट्रॉनांचा ढग असतो. एका भाराचं तांबं त्या ढगातलं थोडं घेतं आणि आपल्याकडचं थोडं परत देतं. देणं आणि घेणं दोन्ही झाल्याने पकड घट्ट होते. साध्या तेलाच्या रेणूंना असा ढगच नसतो, ते बाजूने निघून जातात. पकड घट्ट असली तरी कायमची नसते. पावडर भरली की तापवून ती रिकामी करता येते आणि पुन्हा वापरता येते. गहू निवडणाऱ्या बाईच्या बोटांना खडा जसा स्पर्शानेच कळतो, तसं तांब्याला गंधकाचं कडं कळतं. चांदीलाही कळतं. नुसत्या सोडियमवाल्या झिओलाइटला फारसं कळत नाही.

आम्ही दोघी मैत्रिणींनी प्रोजेक्टला हाच विषय घेतला. डिझेलऐवजी ऑक्टेनमध्ये थोडं थायोफीन मिसळलं होतं, कारण आमच्याकडे खऱ्या डिझेलमधलं गंधक मोजण्याचं यंत्र नव्हतं. साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर होता, त्यावर थायोफीन मोजता यायचं. पावडर तांब्याच्या द्रावणात ढवळून, धुऊन, वाळवून आम्ही नळीच्या भट्टीत नायट्रोजनखाली रात्रभर तापवली. भट्टीत घालताना ती फिकट निळी होती. सकाळी बाहेर काढली तेव्हा निळेपणा गेलेला, जवळजवळ पांढरी. लगेच बाटलीत घातली, हलवली, मोजलं. थायोफीन जवळपास सगळं गेलं होतं. आम्ही दोघींनी प्रयोगशाळेत उड्या मारल्या.

दुसरी खेप आठवड्याने केली. ती पावडर भट्टीतून काढली, बाटलीत भरली आणि माझ्या कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी होती म्हणून दोन दिवस तशीच ठेवली. कॉलेज समुद्राकडच्या बाजूला, हवा दमट, आणि झाकण मी नीट लावलं नव्हतं. दोन दिवसांनी प्रयोग केला तर अर्ध्याहून जास्त थायोफीन जसंच्या तसं. मैत्रीण म्हणाली, "अगं, पावडर बघ, परत निळी पडलीय." मीही पाहिलं. पडली होती.

ती म्हणाली, "हेही अहवालात लिहू." मी म्हटलं, "नको. प्रोजेक्ट फसला असं दिसेल." तिसऱ्यांदा करायला वेळ नव्हता. अहवालात मी लिहिलं, "प्रयोग तीन वेळा केला, सरासरी खालीलप्रमाणे." ती सरासरी नव्हती. ते पहिल्या खेपेचे आकडे होते. मार्गदर्शक सरांनी विचारलं, "रिपीट केलंत ना?" मी म्हटलं, "हो सर." चांगले मार्क मिळाले. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागले आणि झिओलाइट मागे राहिलं.

पुढच्या वर्षी कॉलेजमधल्या एका ज्युनियर मुलीचा फोन आला. तिने आमचाच अहवाल पुढे न्यायला घेतला होता. "ताई, आमचं तुमच्यासारखं येतच नाही. कधी येतं, कधी नाही. तुम्ही नेमकं काय केलं होतं?" मला तेव्हाच सांगता आलं असतं की पावडरीला हवा लागू देऊ नकोस, झाकण बघ, ती निळी पडते का बघ. एवढंच सांगायचं होतं. मी म्हटलं, "भट्टी नीट तापते का ते तपासा," आणि मीटिंग आहे सांगून फोन ठेवला. नंतर कळलं की तिने तीन महिने घालवून विषय बदलला.

आता २०२१ मध्ये या. एप्रिलचा शेवट. ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत, आपल्या वर्गाच्याच ग्रुपवर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरची बातमी होती. बाबांना कोविड झाला. गावात खाट नव्हती. ओळखीतून एक जुना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने मिळाला, तो लावला, तरी ऑक्सिमीटर ८८ च्या वर जाईना. आपल्यातल्याच एकाने नाशिकहून एका टेक्निशियनला गाडीत घालून रात्री आणलं. त्याने मीटर लावून पाहिलं. यंत्रातून नव्वद टक्क्यांच्या वर ऑक्सिजन यायला हवा, सत्तरच्या आसपास येत होता. तो म्हणाला, "मॅडम, हे कुठेतरी पडून होतं. सीव्हला ओल लागलीय."

सीव्ह म्हणजे झिओलाइट. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. कॉन्सन्ट्रेटरमध्ये झिओलाइटच्या गोळ्या भरलेली दोन नळकांडी असतात. दाबाखाली हवा एकात शिरते, नायट्रोजन आतल्या आयनांना चिकटून राहतो, ऑक्सिजन पुढे जातो. मग दाब सोडला की नायट्रोजन फुस्स करून बाहेर, तोवर दुसरं नळकांडं काम करतं. तो दर काही सेकंदांचा फुस्स आवाज आपण सगळ्यांनी ऐकलाय. पण झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी जास्त प्रिय. ओल शिरली की खोल्या पाण्याने भरतात आणि नायट्रोजनला जागाच उरत नाही.

मी त्या यंत्रासमोर जमिनीवर बसले होते. बाबा धापा टाकत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बाटली आली. ढिलं झाकण आणि निळी पडलेली पावडर. हेच मला २००४ मध्ये दिसलं होतं. दिसलं होतं आणि मी लिहिलं नव्हतं. माझ्या प्रोजेक्टमुळे त्या रात्री काही बिघडलं असं मी म्हणत नाही, त्या यंत्राशी माझा काय संबंध? पण कुणीतरी त्या यंत्राचा ऑक्सिजन न मोजताच ते 'चालू आहे' म्हणून दिलं होतं. मीही तेच केलं होतं. मोजलं एक आणि कागदावर ठेवलं दुसरं.

पहाटे चारला आपल्या मित्रांनी दुसरं यंत्र आणलं. कुणी, कुठून, कसं, ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. बाबा बरे झाले. ते आज शेवटच्या रांगेत बसले आहेत, खुर्ची पंख्याखाली हवी म्हणून. त्या रात्रीबद्दल मी तुमच्याशी नीट कधी बोलले नव्हते. आज बोलते. तुम्हा सगळ्यांचे आभार.

त्यानंतर मी या विषयावरचं पुन्हा वाचायला घेतलं. कारण मला जाणून घ्यायचं होतं की ती जादूची पावडर पुढे कुठे गेली. आज आपल्या पंपावर जे दहा भागांचं डिझेल मिळतं ते तिच्यामुळे नाही. ते रिफायनऱ्यांनी हायड्रोजनच्याच जुन्या पद्धतीने, मोठा खर्च करून बनवलंय. का, ते साध्या हिशेबाने कळतं. यांग यांच्या प्रयोगात एक ग्रॅम पावडर ३४ घन सेंटिमीटर डिझेल स्वच्छ करत होती. म्हणजे लिटरला सुमारे ३० ग्रॅम. ट्रकच्या दोनशे लिटरच्या टाकीला सहा किलो. आणि रोज दहा हजार टन डिझेल काढणाऱ्या रिफायनरीला रोज साडेतीनशे टन पावडर भरायची, रिकामी करायची, पुन्हा तापवायची.

शिवाय खरं डिझेल आमच्या ऑक्टेनसारखं सोज्वळ नसतं. त्यात बेंझीन, नॅफ्थलीनच्या कुळातले रेणू भरपूर असतात. त्यांनाही इलेक्ट्रॉनांचा ढग असतो, तेही तांब्याला धरतात आणि गंधकाची जागा अडवतात. पाणी आणि हवा तर आहेतच. एका भाराचं तांबं हवेत पुन्हा दोन भारांचं होतं, आणि पाणी खोल्या भरून टाकतं. पावडर निळी पडते ती त्यामुळे. यावर लोकांनी वेगवेगळे उपाय केले. पेनसिल्व्हेनियातल्या चुनशान साँग यांच्या गटाने तांब्याऐवजी सिरियम बसवून पाहिलं. सिरियम ढगाला न धरता थेट गंधकाच्या अणूला धरतं, त्यामुळे बेंझीनवाल्यांची गर्दी कमी त्रास देते.

म्हणून ही पद्धत आता जिथे शोभते तिथे आहे. रिफायनरीने बहुतेक गंधक काढल्यावर उरलेला शेवटचा कण वेचायला. इंधनघटांना असं जवळजवळ शून्य गंधक लागतं, कारण थोड्याशा गंधकानेही त्यांतला महागडा प्लॅटिनम निकामी होतो. जपानमध्ये २००९ पासून घरगुती इंधनघट विकले जातात. ते घरातल्या गॅसवर चालतात, आणि गॅसला गळती कळावी म्हणून जो वास घातलेला असतो तो गंधकाच्याच संयुगांचा असतो. तो आधी काढावा लागतो. टोकियोच्या गॅस कंपनीतल्या संशोधकांनी त्यासाठी चांदी बसवलेली झिओलाइटं तपासली. आपल्याकडेही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने झिओलाइटवर पूर्वीपासून मोठं काम केलंय. तेव्हा 'गावचा दगड' म्हणून त्याला कुणी कमी लेखू नका.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट लागली. ओलीने पकड जाते, हवेने तांबं बदलतं, हे पुढे अनेकांनी मोजून, नीट लिहून ठेवलंय. आमच्या प्रोजेक्टमधली खरी माहिती दुसऱ्या खेपेत होती. पहिली खेप म्हणजे यांग यांनी आधीच सांगितलेलं आम्ही पुन्हा केलं, एवढंच. दुसऱ्या खेपेत आम्हाला स्वतःहून काहीतरी कळलं होतं, आणि नेमकं तेच मी फेकून दिलं.

आता मी टीम सांभाळते. नवी मुलं कधीकधी लाल दिसणारी टेस्ट काढूनच टाकतात, म्हणजे सगळं हिरवं दिसतं. मी त्यांना रागावते. आणि प्रत्येक वेळी मनात म्हणते, तू कोण सांगणारी?

म्हणून गेल्या महिन्यात दोन कामं केली. आईने जपून ठेवलेल्या ट्रंकेतून प्रोजेक्टची कच्ची वही काढली. दोन्ही खेपांचे आकडे, तारखा, आणि समासात मैत्रिणीने पेन्सिलीने लिहिलेलं "निळी?" हे सगळं त्यात आहे. त्या पानांच्या प्रती आणि एक पत्र मी कॉलेजच्या विभागाला पाठवलं. अहवाल अजून वाचनालयात असेल तर हे त्याला जोडून ठेवावं, अशी विनंती केली. उत्तर आलेलं नाही, येईल तेव्हा येईल. मैत्रिणीलाही सांगितलं. ती म्हणाली, "वीस वर्षं लागली तुला?" मी म्हटलं, "एकोणीस."

दुसरं काम अवघड होतं. त्या ज्युनियर मुलीचा नंबर शोधला आणि फोन केला. आधी तिला काही आठवेना. मग मी बाटलीचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मला इतकी वर्षं वाटायचं, माझेच हात प्रॅक्टिकलला वाईट आहेत." एवढंच. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाई, तुम्ही मला एकटीला मधल्या सुट्टीत तो प्रयोग परत दाखवला होता. त्या दिवशी तुमचा डबा राहून गेला असणार, हे मला आता, स्वतःची मुलं मोठी होताना कळतं. तुम्ही सांगितलेलं मी आठवीत ऐकलं आणि इंजिनिअर होताना विसरले. आज सगळ्यांसमोर ते निरीक्षण लिहून देते. दुसऱ्या खेपेत पावडर निळी पडली होती, आणि मला ते दिसलं होतं.

तो बिस्किटाचा डबा मी बरोबर आणलाय. जेवणानंतर बाई बाहेर व्हरांड्यात बसणार आहेत, स्पिरिटचा दिवा आणि परीक्षानळी शाळेने दिलीय. मुलांना घेऊन या. मागच्यांना दिसेल असं बसवू.